नागपूरला न पोचलेली

सर्वपित्री अमावास्येला आमच्या घरी पितरांच्या पानांपासून जरा दूर, दारापाशी, एक पान जास्तीचं मांडतात. बाकीच्या पानांवर पोळी, वडे, खीर, कढी. या पानावर मात्र बाजरीची भाकरी. नागपुरात बाजरी रोजच्या खाण्यातली नाही. आमच्यात ती कुणालाच नीट थापता येत नाही. दरवर्षी तव्यावर टाकताना मोडते आणि दरवर्षी तशी मोडकीच वाढली जाते.

हे पान आमच्या मूळपुरुषाच्या पहिल्या बायकोचं. मराठ्यांच्या फौजेबरोबर तो साताऱ्याकडून इकडे आला, तेव्हा तिला गावीच ठेवून आला. घर झालं की बोलावतो म्हणाला. घर झालं, पण त्यात त्याने इथलीच दुसरी बायको आणली. आम्ही सगळे त्या दुसरीचे. पहिलीला मूलबाळ नव्हतं. तिचं नावही कुणाला ठाऊक नाही. तिला जेवू घालणारं मागे कुणी राहिलं नाही, म्हणून ते आम्ही करतो. पान वाढणाऱ्या बाईने ‘जेवून घ्या’ एवढंच म्हणायचं आणि मागे न बघता आत यायचं.

या बाईवर मी कादंबरी लिहिते आहे. झालेली प्रकरणं मी फक्त आत्याला वाचून दाखवत असे. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतरचं तिचं सगळं आयुष्य कोराडीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत गेलं. रविवारी ती बसने माझ्याकडे धरमपेठला यायची, चपलांवरची राख दारात झटकायची आणि पाणी प्यायच्या आत म्हणायची, “हं, वाच.”

पहिलं प्रकरण ऐकून ती म्हणाली, “हा माणूस भलताच बोलते वं. आपल्या घरचे माणसं इतके बोलत असते तं काय पाहिजे होतं!” मग चहाचा कप पुढे ओढत, “ती नागपूरले कधी येते?”

“ती आलीच नाही, आत्या.”

“तुले काय माहीत?”

“आली असती तर तिचं पान वेगळं कशाला मांडलं असतं?”

आत्याने चहात बिस्कीट बुडवलं. “ते झालं घरचं. पुस्तक तं तुहं आहे ना? मग येऊ दे तिले.”

“पण घरात दुसरी आहे.”

“राहू दे. भांडतीन दोघी. भांडल्याशिवाय बायांची ओळख होते काय? माही न् तुह्या आईची कशी झाली?”

मी हसले, पण आत्या हसली नाही. ते पान वाढायला दरवर्षी ती माहेरी येत असे. “माणसाले बाहेरच्या बाहेर वाढायचं न् तोंड फिरवून घरात यायचं,” ती म्हणाली, “मले कधीच बरं नाही वाटलं.”

इतिहासाला धरून राहायचं असं मी ठरवलं होतं. तरी त्या आठवड्यात मी बाईला गावातून बाहेर काढलं. एका व्यापाऱ्याच्या तांड्याबरोबर ती निघाली.

यंदाच्या उन्हाळ्यात आत्याला रामदासपेठेतल्या दवाखान्यात ठेवलं होतं. तिला बोलताना धाप लागत होती. तिने हाताने मला जवळ बोलावलं.

“पोचली काय वं?”

पोचली म्हणून सांगता आलं असतं. पण न वाचता सांगितलेलं तिला चाललं नसतं. “वर्धा नदीपर्यंत आली आहे,” मी म्हणाले.

“पाऊस लागायच्या आत पोचव. मंग नदी उतरू देत नाही.”

पावसाच्या आत आत्याच गेली.

यंदाच्या अमावास्येला पान मी वाढलं. आत्याला जाऊन वर्ष व्हायचं आहे, त्यामुळे पितरांच्या पानांत तिचं अजून नाही. दुपारी पाहुणे गेल्यावर घर शांत झालं आणि फार दिवसांनी मी लिहायला बसले.

पहिली दारात उभी आहे. दुसरी तांदूळ निवडते आहे. कोण, कुठल्या, असं ती विचारेल असं मला वाटत होतं. पण तिने सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, “आत या. हे शेतावर गेलेत.”

तिथेच मी अडले आहे. पहिली उंबऱ्याच्या आत आली, पण अजून बसलेली नाही. आता त्या दोघींना भांडायचं आहे. मी त्यांचं बोलणं मोठ्याने म्हणून पाहते, तर ते माझ्यासारखंच येतं, मोजूनमापून, पुस्तकी. लिहिते आणि खोडते. आत्या असती तर तिने दोघींचंही एकटीनेच बोलून दाखवलं असतं, आधी एकीचं, मग दुसरीचं, आणि मला मधे एक शब्द बोलू दिला नसता.