वासितीचा तिसरा अर्ज

दुसरा नकार एका ओळीत आला होता. "प्रस्तावाचं आजच्या भावातलं मूल्य उणे येत असल्यामुळे पुढे विचार करता येत नाही." खाली हिशेबखात्याचे प्रमुख मुनसामी यांची लफ्फेदार सही.

वासिती तो कागद घेऊन वर्कशॉपमधून थेट वर ऑफिसात गेली. हाताचं ग्रीससुद्धा पुसलं नव्हतं. सुवा शहराच्या वालू बे बंदराला लागून असलेल्या त्या मासळीच्या कंपनीत बर्फाची यंत्रं सांभाळण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. कंपनीचे लांबच्या बारा बेटांवर डिझेलवर चालणारे छोटे बर्फकारखाने होते. कोळी मासे आणायचे, ते बर्फात घालून ठेवायचे आणि आठवड्याच्या बोटीने सुवाला यायचे. डिझेल संपलं की बर्फ बंद, आणि बर्फ बंद झाला की मासे पुरायला खड्डे. वासितीचं म्हणणं साधं होतं. यंत्रं सूर्यावर चालवा. बॅटरी नकोच, ऊन असेल तेव्हा बर्फ करा आणि तो साठवा.

"मुनसामी, हे उणे म्हणजे नक्की काय?" तिने विचारलं.

मुनसामींनी चष्मा कपाळावर चढवला. माणूस वाईट नव्हता, पण समजावून सांगायचा त्यांना कंटाळा होता. "हे बघ वासिती, यंत्राचं तुला कळतं, पैशाचं आम्हाला. अशीच विभागणी राहू दे. दोघंही सुखी राहू."

"मग पैशाचं कुठे शिकवतात?"

ते हसले आणि खिडकीबाहेर, टेकडीवरच्या विद्यापीठाच्या दिशेला हनुवटी उडवून म्हणाले, "तिकडे. शनिवारी. पण परीक्षा असते हं."

ते थट्टेत बोलले होते. वासितीने त्याच आठवड्यात अर्ज भरला. पदवी नव्हती, पण नोकरीतल्या अनुभवावर प्रवेश मिळत होता. नवरा सेमिसी बस चालवायचा. त्याने फीचा आकडा दोनदा वाचला आणि म्हणाला, "शेहेचाळिसाव्या वर्षी शाळेत चाललीस. डब्यात काय देऊ?"

"कसाव्याचे कंद नकोत. वर्गात झोप येते."

पहिल्या शनिवारी वर्गात पस्तीस माणसं होती आणि त्यातली निम्मी बँकेतली. शेजारी बसला प्रनील चंद, सत्तावीस वर्षांचा कर्जअधिकारी, इस्त्रीचा शर्ट, केसांना भरपूर तेल. तिला बघून त्याला वाटलं, चहाचं बघणारी बाई असावी. तिने वही काढली तेव्हा तो ओशाळला, आणि त्या दिवसापासून तिला नेई म्हणायला लागला. इथे मावशीला नेई म्हणतात. मग सगळा वर्गच म्हणायला लागला.

कंपन्यांचा पैसा आणि नवे उद्योग असा तो विषय होता आणि डॉक्टर फिफिता तो शिकवायचे. टोंगाचे, दांडगे, आवाज देवळातल्या प्रवचनासारखा. पाच वर्षांनी मिळणारा डॉलर आज किती धरायचा, हे सांगताना त्यांनी फळाभर सूत्रं लिहिली. बँकवाले माना डोलवत होते. वासितीने हात वर केला.

"सर, मी मोआला बेटाच्या बोटीवर शंभर किलो बर्फ चढवते. पोचतो सत्तर. म्हणून मला सत्तर हवा असेल तर शंभर चढवावा लागतो. डॉलरचं तसंच ना? जितका लांबचा, तितका वितळलेला?"

डॉक्टर फिफितांनी खडू खाली ठेवला. "आणि समुद्र खवळलेला असेल तर?"

"तर बोट उशिरा पोचते, आणखी वितळतो. जोखीम जास्त, तर कापायचं जास्त."

"बसा," ते म्हणाले. "प्रनील, पुढची तीन पानं आता तुम्ही नेईंकडून समजून घ्या."

तसं ते सोपं गेलं असं नाही. संख्याशास्त्रात ती पहिल्या परीक्षेत काठावर पास झाली. लॅपटॉपवरच्या तक्त्यांशी तिचं भांडणच होतं. जेवणाच्या सुट्टीत ती वर्कशॉपच्या बाकावर वही उघडून बसायची. तिच्या हाताखालचे फिटर टोमणे मारायचे, "बाई मालकीण झाल्या की आमचा ओव्हरटाइम विसरू नका." पण शिकलेलं तिच्या अंगात मुरत होतं. आणि एक गोष्ट तिला पक्की कळली होती. ऑफिसातले लोक तिच्याहून हुशार नव्हते. त्यांच्याकडे एक भाषा होती, आणि ती भाषा शिकता येत होती.

दुसऱ्या सत्रात गटाने एखाद्या खऱ्या प्रस्तावाचा हिशेब करायचा होता. वासितीने आपला बर्फ पुढे केला. प्रनीलने दोन संध्याकाळी खपून तक्ता बनवला आणि तिसऱ्या दिवशी, रोटी पार्सल खाता खाता, बिचकत म्हणाला, "नेई, रागावू नका. तुमचे मुनसामी बरोबर आहेत. बारा बेटं एकदम धरली तर उणेच येतं. आपण दुसरा विषय घेऊ."

"दाखव."

तिने तक्ता अथपासून इतिपर्यंत बोट ठेवून वाचला. नव्या यंत्रांचा खर्च बरोबर होता. डिझेलची बचत बरोबर होती. मग तिचं बोट एका रकान्यावर थांबलं. जुनीच यंत्रं ठेवली तर दर वर्षी किती मासे येतील, त्याचा तो रकाना. दहा वर्षं एकच आकडा सरळ खाली उतरला होता.

"हा आकडा कुठून आणलास?"

"गेल्या वर्षीचा आहे. काहीच बदललं नाही तर तोच राहणार ना?"

"काहीच बदललं नाही तर?" वासिती हसली. "अरे, ती यंत्रं माझ्याहून म्हातारी आहेत. त्यातली दोन या वर्षी मरतील. सुटे भाग बनवणारी कंपनीच उरली नाही. उद्या ये वर्कशॉपला."

दुसऱ्या दिवशी तिने त्याच्यापुढे बिघाडाच्या नोंदींच्या अकरा वह्या टाकल्या. कोणतं यंत्र किती दिवस बंद, त्या काळात किती मासे फेकले, किती कोळ्यांनी कंटाळून धंदा सोडला. सगळं तिच्या हातचं. इस्त्रीचा शर्ट काळा होईपर्यंत प्रनील तिथे बसला. त्याने आकडे भरले तेव्हा तो सरळ रकाना उताराला लागला, आणि सातव्या वर्षी तर कंपनीला त्या बेटांवरून जवळजवळ काहीच मिळत नव्हतं. त्यांनी नव्याची तुलना आजच्या दिवसाशी केली होती. ती व्हायला हवी होती काहीच न करता ढासळत जाणाऱ्या धंद्याशी.

वर्गात मांडणी झाली तेव्हा डॉक्टर फिफितांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "छान. आता उणे फार थोडं उरलं, पण उणेच आहे. काय करणार?"

"बारा करणारच नाही," वासिती म्हणाली. "एक करेन. एका यंत्राच्या पैशात मला माहिती मिळेल. चाललं तर पुढची करायचा मार्ग मोकळा, नाही चाललं तर उरलेल्या अकरांचे पैसे वाचले. त्या माहितीलाही किंमत आहे, ती कोणी धरलेलीच नाही. आणि कधी थांबायचं ते आजच लिहून ठेवेन, म्हणजे नंतर माझं मन मला फसवणार नाही."

डॉक्टरांनी गुण किती दिले ते तिने घरी कोणाला सांगितलं नाही. सेमिसीला प्रनीलकडून कळलं आणि त्याने ते बसमधल्या सगळ्या प्रवाशांना सांगितलं.

तिसरा अर्ज, एकाच यंत्राचा, तिने स्वतः संचालकांपुढे मांडला. मालक विशंभर प्रसाद सत्तरीचे, वडिलांनी एका होडीवर सुरू केलेला धंदा त्यांनी वाढवला होता. त्यांनी तक्ते बाजूला सारले. "मला कागद नको. थांबायचं कधी ते सांग."

"सहा महिने, बॉस. रोज सरासरी आठशे किलो बर्फ निघाला नाही, तर मी स्वतः तुमच्यापुढे येऊन नाही म्हणेन."

मुनसामी चष्मा पुसत म्हणाले, "जुन्या यंत्रांचा हा उतार कोणी काढला?"

"बिघाडाच्या वह्यांवरून मीच, मुनसामी. दर वर्षी तुम्ही त्यांवर सही करता."

मुनसामींनी चष्मा चढवला आणि तो रकाना पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. मंजुरी मिळाली.

पहिलं यंत्र मोआलाला लागलं. त्याच बेटावर वासितीचं गाव. बैठकीत पेय करून प्यायची यंगोनाची मुळी घेऊन ती गावप्रमुखांपुढे रीतसर बसली, परवानगी मागितली, धक्क्याजवळची जागा मिळाली. जानेवारीत तिने तिथे तीन आठवडे ऊन मोजलं होतं. लखलखीत ऊन. एप्रिलमध्ये यंत्र सुरू झालं तेव्हा रोज नऊशे किलो बर्फ निघायला लागला. मेमध्ये आठशे. जूनमध्ये साडेपाचशे.

तिने तारा तपासल्या, सौरपट्ट्या धुतल्या, पंप उघडला. कुठेच दोष नव्हता. चौथ्या दिवशी ती सकाळपासून धक्क्यावर बसून राहिली आणि मग तिला दिसलं. गावामागच्या डोंगराची सावली नऊ वाजून गेले तरी पट्ट्यांवर होती, आणि तीन वाजता परत आली. विषुववृत्ताच्या दक्षिणेला जून म्हणजे हिवाळा, तेव्हा सूर्य उत्तरेकडे कलतो आणि डोंगर उत्तरेलाच होता.

तिची मावशी लुसियाना कपड्यांची टोपली कमरेवर घेऊन तिथून चालली होती.

"नेई, कुठे निघालीस?"

"पलीकडच्या वळणावर. जूनमध्ये इथे कपडे वाळतात का कधी? लहानपणी तूच टोपली धरायचीस."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस का? तू तर डबीत ऊन मोजत होतीस. आम्हाला वाटलं, शिकलेली आहे, हिला माहीत असेल."

वासितीला हसू आलं आणि लाजही वाटली. पण घाबरायला झालं नाही, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. गावप्रमुखांचा भाऊ म्हणाला, "अजून तीन महिने आहेत. पुढे ऊन वाढेल, सरासरी भरून निघेल. आत्ताच कशाला बोंब मारतेस?"

"सरासरी भरेल, मामा. पण दर जूनला मासे पुरावे लागतील. मला ते माहीत असताना मी गप्प कशी बसू?"

मुदत संपण्याआधीच ती सुवाला परतली आणि संचालकांपुढे उभी राहिली. "आकडा पडला. यंत्र चांगलं आहे, जागा चुकली. चूक माझी. मी एकाच ऋतूत ऊन मोजलं." तिने यंत्र वळणापलीकडे हलवायचा खर्च सांगितला, आणि पुढच्या कोणत्याही बेटावर वर्षभराचं ऊन आणि गावातल्या बायकांची माहिती घेतल्याशिवाय एक खिळाही ठोकायचा नाही, असं लेखी मांडलं.

एक संचालक कुरकुरला, "म्हणजे पैसे बुडाले."

उत्तर मुनसामींनी दिलं. "बुडाले नाहीत. किती बुडू शकतात ते तिने आधीच लिहून दिलं होतं, त्याच्या आतच आहे. बारा बेटांवर एकदम केलं असतं तर ही सावली आपल्याला बाराही बेटांचे पैसे घातल्यावर कळली असती." मग ते वासितीकडे न बघता म्हणाले, "माझं मत आहे, यंत्र हलवावं."

यंत्र वळणापलीकडे गेलं. पुढच्या जूनमध्ये तिथे रोज साडेआठशे किलोच्या वर बर्फ निघाला. धंदा सोडलेले सहा कोळी होड्या दुरुस्त करून परत आले. त्यानंतर लाकेंबाला एक आणि आणखी तीन बेटांवर यंत्रं लागली. दोन बेटांना वासितीने स्वतःच नकार दिला. तिथे मासळीच पुरेशी नव्हती, आणि हे तिथल्या तिच्या नातेवाइकांना समजावताना तिला दोन दिवस यंगोना प्यावी लागली.

पदवीदानाला सेमिसी बसभर माणसं घेऊन आला. प्रनीलची आई तिच्यासाठी मोगऱ्याचा गजरा घेऊन आली होती, लुसियाना मावशीने मोआलाहून चटई पाठवली होती. डॉक्टर फिफितांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, "पुढच्या वर्षी दोन तास घ्याल का वर्गावर?"

"घेईन," ती म्हणाली. "पण वर्कशॉपमध्ये. तिथेच शिकवता येईल मला."

सोमवारी ती कामावर गेली तेव्हा तिच्या टेबलावर एक नवा प्रस्ताव होता, मोठ्या बोटीचा. वर मुनसामींच्या अक्षरात चिठ्ठी होती: "सही करण्याआधी तू बघ." तिने दुपारपर्यंत वाचला, तीन प्रश्न लिहिले आणि जिना चढून वर गेली.

"बोट चांगली आहे," ती म्हणाली, "पण घेऊ नका. एक वर्ष भाड्याने चालवून बघू. बसू का, की उभ्यानेच सांगू?"

मुनसामींनी खुर्ची पुढे सरकवली.