आईचा कोरा मेसेज

भूत, चाहूल, संकेत... असलं कुणी सांगायला लागलं की सगळ्यात आधी हसणारा मीच. पुरावा दाखवा, मग बोला — हे माझं ठरलेलं उत्तर. आज मीच सांगतोय आणि माझ्याकडे दाखवायला काहीच नाही. हसायचं तर खुशाल हसा.

हैदराबादला चिक्कडपल्लीत आमचं घर. मी सॉफ्टवेअरमध्ये. घरात बाबा आणि मी. आई जाऊन दोन वर्षं झाली. तिची एक सवय आधी सांगायला हवी. सुलतान बाजारला खरेदीला गेली की बाबा आणि मी गाडी घेऊन कोपऱ्यावर उभे. तिच्या दोन्ही हातांत पिशव्या, चष्मा पर्समध्ये, टाइप कोण करणार? म्हणून मी गमतीत एक न दिसणारं अक्षर तिच्या फोनवर साठवून दिलं. ते पेस्ट करून पाठवलं की समोरच्याला अगदी कोरा मेसेज जातो. तिला ते भारी आवडलं. बाबांच्या फोनवर कोरा मेसेज आला की त्याचा अर्थ एकच — थांबा, मी येतेय. "तुझी आई न बोलता पण हुकूम सोडती," बाबा म्हणायचे.

तर, मागच्या उन्हाळ्यातला एक रविवार. सकाळची वेळ, बाबा हॉलमध्ये पेपर वाचत होते. खालच्या हौदातलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवणारी मोटर आपोआप चालू व्हावी म्हणून मी तिचा स्विच वायफायवरून लॅपटॉपला जोडून एक छोटा प्रोग्राम लिहीत होतो. मोटर चालू करायची ओळ एका वेबसाइटवरून कॉपी केली, एडिटरमध्ये पेस्ट केली, रन केलं... एरर. ओळीच्या सुरुवातीला एक न दिसणारं अक्षर! एडिटर अशा अक्षराभोवती पिवळी चौकट काढतो. यात नवल नाही. इकडून तिकडून कोड उचलला की असला अदृश्य कचरा सोबत येतोच.

खोडलं. परत रन केलं. परत तिथेच चौकट. साध्या नोटपॅडमधून गाळून पेस्ट केलं, तरी तेच. वैतागून ती फाइल ऑफिसमधल्या श्रीनिवासला पाठवली आणि फोन लावला.

"मेरे कू तो साफ दिखरा भाई," तो म्हणाला. "नक्को टेन्शन लेओ, हाथ से टाइप करो."

हाताने टाइप केलं, एकेक अक्षर बघून. रन... आणि पिवळी चौकट.

हाताने लिहिलेल्या ओळीत कचरा येणार कुठून? तेव्हा पहिल्यांदा मी माउस नेऊन त्या अक्षराचा कॉम्प्युटरमधला ठरलेला नंबर बघितला. वेबसाइटवरून येणारे नेहमीचे नंबर मला पाठ आहेत. हा त्यांतला नव्हता. हे अक्षर मी आयुष्यात एकदाच वापरलं होतं... आईच्या फोनसाठी.

खोलीत एकटं बसवेना. बाबांना हाक मारली, ओ नाही. हॉलमध्ये पेपर खुर्चीवर पडलेला. मी तसाच खाली धावलो.

बाबा हौदाजवळ ओल्या फरशीवर अनवाणी, उकिडवे बसलेले. मोटरचं झाकण उघडं, बोटं आत, वायर सुटलेली. आणि मेन स्विच चालूच! वर ती एक ओळ चालली असती तर त्याच क्षणी मोटरमध्ये करंट आला असता. मी जीव खाऊन ओरडलो.

"कायकू ओरडायलास रे?" बाबा दचकले. "काल घरघर करायली होती, म्हणून बघायलो. बंदच आहे की मोटर."

मेन बंद केला, त्यांना धरून वर आणलं. सगळं सांगितल्यावर ते डोळे पुसून म्हणाले, "बघ, अजून हुकूम सोडती."

लॅपटॉपवर चौकट नव्हती. तीच ओळ, तोच प्रोग्राम, पहिल्या झटक्यात चालला. श्रीनिवास म्हणतो एडिटरचा घोळ असेल. असेल बुवा. पण एडिटरला ते अक्षर कुणी दिलं?

आईने वाचवलं, असं सगळे म्हणतात. बाबा तर खूश आहेत. हल्ली संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून दारापाशी खुर्ची टाकून बसतात. कुठे निघालात विचारलं तर "कुठं नाही रे" म्हणतात आणि रस्त्याकडे बघत राहतात.

मला मात्र धड झोप नाही. कारण त्या कोऱ्या मेसेजचा अर्थ नुसता 'थांबा' असा कधीच नव्हता. 'थांबा, मी येतेय' असा होता.