ज्यांना भेटायला कोणी येत नाही

माझ्या आत्याला हॉस्पिटलात सगळे चादरबाई म्हणत. तिचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि चर्चच्या नोंदवहीत होतं. एरवी ते कोणाच्या तोंडून ऐकल्याचं मला आठवत नाही. हॉस्पिटलच्या तळघरात, कपडे धुण्याच्या मोठ्या यंत्रांच्या शेजारी, एक लांबट खोली होती. फाटक्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे तिथे दुरुस्तीला यायचे. आत्या त्या खोलीची मुख्य. हाताखाली दोन बायका, तीन शिलाई मशीन, आणि भिंतीला लावलेलं एक लांबच लांब टेबल.

शाळा सुटली की मी तिथेच जायचे. साबणाच्या वाफेचा, तापलेल्या इस्त्रीचा आणि मशीनच्या तेलाचा मिळून एक वास त्या खोलीला होता. आजही कुठे इस्त्रीवाल्याच्या दुकानावरून गेले की माझे पाय आपोआप मंदावतात. मी टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगावर बसून अभ्यास करायचे आणि वर आत्याची कात्री चालायची. मधोमध विरलेली चादर ती उभी फाडायची, कडेचे धड भाग मधे आणून जोडायची आणि विरलेले भाग कडेला नेऊन दुमडून टाकायची. "माणूस मधेच निजतो ना, म्हणून चादर मधेच विरते," ती सांगायची. "कडेला कोण निजतंय? म्हणून कडा नव्यासारख्या राहतात. टाकायचं काहीच नसतं, पोरी. फक्त जागा बदलायच्या."

पाच वाजता काम संपायचं. बाकीच्या दोघी पर्स काखेत मारून पळायच्या. आत्या मात्र हात धुऊन, केसांवरून पाण्याचा हात फिरवून, वरच्या वॉर्डांत जायची. तिथल्या नर्सला विचारायची, "आज कोणाकडे कोणी आलं नाही?" नर्स बोट दाखवील त्या पलंगाशी स्टूल ओढून बसायची. एकेका माणसाला पंधरा मिनिटं, घड्याळ बघून. औषध घेतलं का, पाणी प्यायलात का, प्रार्थना करता का, असं रांगेनं विचारायची आणि पुढच्या पलंगाकडे वळायची. तीस वर्षांत तिनं हा नेम चुकवला नाही. स्वतःला ताप असला तर खिशात गोळी ठेवून जायची.

चर्चमध्येही तेच. उपासनेनंतर चहा व्हायचा, पण कप विसळायला तिच्या आधी मोरीशी कोणी पोचलंय असं कधी झालं नाही. गायकवृंदाचे झगे तीच शिवायची, रविवारच्या शाळेतल्या मुलांना तीच शिकवायची. लग्न केलं नाही. कोणाकडून काही घेतलंही नाही. माझ्या आईनं वाटीभर काही पाठवलं तरी दुसऱ्या दिवशी ती वाटी भरून परत यायची. आई वैतागायची, "हिला काही द्यायचं म्हणजे आपल्याच घरी पाठवल्यासारखं आहे!"

तिचा भाऊ, म्हणजे माझे पपा, अगदी उलट. आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांचं केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा, मागे डोकं धुवायचं बेसिन. दुकान उघडायची वेळ पाटीवर नऊ होती आणि पपांच्या मनात साडेदहा. चर्चमध्ये खर्जात सुंदर गायचे आणि प्रवचन सुरू झालं की तितक्याच सुंदर डुलक्या घ्यायचे.

एकदा पाळकसाहेबांनी द्राक्षमळ्यातल्या मजुरांची गोष्ट घेतली होती. दिवसभर उन्हात राबलेल्यालाही तेवढीच मजुरी आणि दिवस मावळताना आलेल्यालाही तेवढीच. तारण, म्हणजे पापातून सुटका, हे कमवायचं नसतं, ते देवाच्या कृपेनं मिळतं, असं पाळकसाहेब म्हणाले. दुपारी जेवताना आत्या धुसफुसत होती.

"आमच्या खात्यात असं करून बघा म्हणावं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी फिरकणार नाही."

"मला आवडली बुवा गोष्ट," पपा म्हणाले.

"तुला आवडणारच! तू संध्याकाळी येणाऱ्यांतला."

"देव काही मुकादम नाहीये, ताई."

"असं म्हणणाऱ्यांचीच दुकानं साडेदहाला उघडतात," आत्या म्हणाली, आणि आम्ही हसत असतानाच उठून भांडी घासायला लागली.

त्या राबण्यामागे काय होतं ते मला सोळाव्या वर्षी आईकडून कळलं. आमचे आजोबा आत्या तेरा वर्षांची आणि पपा आठ वर्षांचे असताना घर सोडून गेले होते. आजीनं लोकांची घरं पुसून दोघांना वाढवलं आणि त्यातच ती खंगून गेली. आत्या पंचवीस वर्षांची झाली तेव्हा एका सकाळी आजोबा दारात उभे राहिले. हातात एक पिशवी, आणि धड बोलू न देणारा खोकला. आत्यानं त्यांना ओळखलं. "इथं तुमचं कोणी नाही," असं म्हणून तिनं दार लावून घेतलं.

दोन महिन्यांनी ते तिच्याच हॉस्पिटलात दाखल झाले, तिसऱ्या मजल्यावर, छातीच्या वॉर्डात. तिथली आया चादरी द्यायला खाली आली तेव्हा म्हणाली, "तुमच्याच आडनावाचा एक म्हातारा आलाय. त्याला भेटायला कोणी येत नाही बिचाऱ्याला."

"आडनावं काय, पुष्कळांची सारखी असतात," आत्या म्हणाली आणि मशीनच्या सुईत दोरा ओवायला लागली.

एकोणीस दिवस ते वर होते आणि ती खाली होती. मधे चार जिने. विसाव्या दिवशी त्या वॉर्डाचं गाठोडं आलं, आणि गाठोड्याबरोबर ते गेल्याची बातमी. गाठोड्यातल्या एका चादरीवर मधोमध तिच्या हातची शिवण होती. तो पलंग कोणाचा होता हे तिनं आयाला विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती पाच वाजता जिने चढायला लागली.

ती छप्पन्न वर्षांची असताना सकाळी अकराला मशीनवरच तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. तीन आठवडे ती बायकांच्या वॉर्डात होती. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली: धुलाईतल्या बायका, नर्सा, चर्चमधली मंडळी, कधीकाळी बरे होऊन गेलेले पेशंट. आत्या भिंतीकडे तोंड करून पडायची. कोणी भरवायला लागलं तर ओठ घट्ट मिटायची. मला एकदा म्हणाली, "पोरी, मी आता कोणाच्या काय कामाची?" आणि पाळकसाहेब आले तेव्हा अडखळत म्हणाली, "माझं काम अर्धवट राहिलं."

"कोणतं काम, बाई?" त्यांनी विचारलं. तिनं पुन्हा भिंतीकडे तोंड वळवलं.

आम्ही तिला आमच्या घरी आणलं. आई तिला पुसून काढायची तेव्हा ती डोळे मिटून घ्यायची, जणू हे दुसऱ्याच कोणाचं चाललंय. केसांना मात्र हात लावू द्यायची नाही. ते बिछान्यावर घासून घासून जटांसारखे झाले. शेवटी एका सोमवारी, दुकान बंद असताना, पपा म्हणाले, "चल, घेऊन ये तिला दुकानात." मी चाकाच्या खुर्चीतून तिला रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत नेलं. पपांनी तिला उचलून बेसिनपाशी बसवलं, मानेखाली टॉवेल घातला, मनगटावर पाणी घेऊन किती गरम आहे ते पाहिलं.

"नको," आत्या म्हणाली. "तू... तू माझं डोकं धुणार?"

"रोज वीस डोकी धुतो. त्यातली निम्मी तुझ्याहून घाण असतात."

"मी याची... परतफेड कधी करू?"

"गप पड गं, ताई. डोळ्यात साबण जाईल."

पपांचे हात मी आयुष्यभर पाहिले होते, पण इतके सावकाश चालताना कधी नाही. एकेक गुंता ते बोटांनी सोडवत होते. आत्याचं अंग आधी लाकडासारखं ताठ होतं. मग खांदे जरा सैल पडले. पपांनी पुन्हा साबण चोळला. मग पपा म्हणाले, "बाबांच्या डोक्यालाही इथंच भोवरा होता. मागे, डाव्या बाजूला."

आत्यानं डोळे उघडले. "तुला काय माहीत? तू तेव्हा... आठ वर्षांचा."

"वीस वर्षांचा होतो. मी शिकायला होतो त्या दुकानाचे मालक मला वॉर्डात पेशंटची दाढी करायला पाठवायचे, आठवतं? छातीच्या वॉर्डातही जायचो. रोज सकाळी. एकोणीस दिवस." पपांचे हात थांबले नाहीत. "मुलगा आहे म्हणून तिथे कोणाला सांगितलं नाही. पहिल्याच दिवशी बाबांना विचारलं, ताईला बोलावू का? तर नको म्हणाले. म्हणाले, तिनं दार लावलं ते बरोबरच केलं. माझा तिच्यावर राग नाही, तिला तेवढं सांग कधीतरी."

"कधीतरी?" आत्या म्हणाली. तो शब्द तिच्या जड जिभेतून लख्ख बाहेर पडला. "एकतीस वर्षं झाली!"

"बाबांचं नाव काढलं की तू ताटावरून उठायचीस. मग मी पुढे ढकललं. मग तू वर जायला लागलीस. मला वाटलं, चर्चचं काम म्हणून जातेस. त्याच्यामागचं लक्षात आलं तोवर इतकी वर्षं झाली होती की सांगायची भीती वाटायला लागली." त्यांनी आणखी एक गुंता सोडवला. "मी आळशी आहे हे तू सगळ्यांना सांगतेस. भित्रा आहे, हे तुला ठाऊक नव्हतं."

आत्यानं चांगला असलेला डावा हात वर केला आणि पपांच्या मनगटावर फाटकन मारला. पाणी उडून आरशावर गेलं. दुसऱ्यांदा मारायला हात उचलला, पण तो तिथेच राहिला, त्यांचं मनगट धरून. मग ती रडायला लागली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. वेडंवाकडं तोंड करून, लहान मुलीसारखी, बेसिनमध्ये डोकं ठेवून ती रडली. पपाही रडत होते, पण त्यांचे हात साबणाचे असल्यामुळे त्यांना डोळे पुसता येत नव्हते. शेवटी मीच टॉवेल घेऊन दोघांची तोंडं पुसली.

"पाणी गार झालंय," थोड्या वेळानं आत्या म्हणाली. "नीट धू."

पुढच्या आठवड्यात पाळकसाहेब घरी आले तेव्हा ती खुर्चीत बसली होती. एकेक शब्द जुळवत ती त्यांना म्हणाली, "मी एकतीस वर्षं जे मिळवायला धडपडत होते ना, ते मला आधीच दिलेलं होतं. पहिल्याच दिवशी. मला कोणी सांगितलंच नाही."

पाळकसाहेब हसले. "बाई, मी दर रविवारी तेच तर सांगत होतो."

"तुम्ही सांगत होता हो," आत्या म्हणाली, "पण तुम्ही कुठे माझे केस धुतलेत?"

ती काही एकदम बदलून गेली असं नाही. बोलणं सुधारल्यावर आईच्या भांडी घासण्यात खोट काढायला लागलीच. पण भरवलेला घास मुकाट्यानं खायची आणि वर म्हणायची, "मीठ कमी आहे." आई बाहेर येऊन मला सांगायची, "ऐकलंस? मीठ कमी आहे म्हणाली!" जसं काही बक्षीस मिळालंय.

आठ महिन्यांनी चार पायांची काठी टेकत टेकत ती पुन्हा वॉर्डात जायला लागली, आठवड्यातून एकदा, लिफ्टनं. मी बरोबर असायचे. घड्याळ आता मनगटावर नव्हतं. स्टुलावर बसायची आणि तिला जिना चढता येत नाही, झगा घालता येत नाही, याच्याच गमती सांगायची. पेशंटनं बिस्कीट पुढे केलं तर घ्यायची. वर्षानुवर्षं हॉस्पिटलच्या वाऱ्या करणारा एक म्हातारा ड्रायव्हर एकदा तिला म्हणाला, "बाई, राग मानू नका. पूर्वी तुम्ही यायचात ना, तेव्हा मी झोपेचं सोंग घ्यायचो." आत्या इतकी हसली की नर्स धावत आली.

पपांनी तिला एकदा छेडलं. "आता कशाला जातेस गं? सुटलीस ना एकदाची?"

"कशाला म्हणजे?" ती म्हणाली. "आठ नंबरच्या म्हातारीची सून परगावी बाळंत व्हायची आहे. काय झालं ते विचारायला नको?"

त्यानंतर ती सहा वर्षं जगली. झोपेतच गेली, पहाटे, काही त्रास न होता. तिची आठवण निघाली की मला एक दुपार दिसते, तिच्या शेवटच्या वर्षातली. मी माहेरी आले होते. आत्या मागच्या व्हरांड्यात उन्हात बसली होती. मांडीवर शिवण नव्हती, हातात काही वाचायला नव्हतं. समोर भिंतीवर एक मांजर चाललं होतं, त्याच्याकडे ती बघत होती.

"काय करतेस आत्या?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली, आणि बाजूची खुर्ची डाव्या हातानं माझ्याकडे सरकवली.