तिच्याच रक्तातला उजेड

परवा तिन्हीसांजेला गेलेली वीज आली आणि सवयीनं माझे हात जुळले. तशीच हात जोडलेली आई आठवली, माझ्या अमरावतीच्या प्रयोगशाळेतली. संशोधन सोडायला लावून मला घरी, अंजनगावला परत न्यायला आली होती.

मी तिला सूक्ष्मदर्शकात तिच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी दाखवल्या.

"साऱ्या सारख्याच तं हायेत," ती म्हणाली.

मी खोलीत अंधार करून खास दिवा लावला. पेशींच्या अंगावरच्या वेगवेगळ्या प्रथिनांना मी आधीच चिकटवलेले रंग चमकले. काही पेशी हिरव्या, काही लाल.

आईनं डोळा न काढता हात जोडले. "हे माह्या आंगात हाय?"

"हो माय. रोगाशी लढतात, पण प्रत्येकीचं काम अलग."

तेव्हा मला हसू आलं होतं. आता पेशी उजळल्या की मीच हात जोडते.

त्या दिवशी बाहेर येऊन आई ऑटोत एकटीच बसली. म्हणाली, "तू राय इथंच."