पाचवी गुंज

सिंदी मेघे गावात माझ्या ओसरीवर आम्ही दोघं बियांच्या माळा करायचो. मी शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेलो. शेजारच्या ताई वयाने लहान, पण बियांच्या बाबतीत माझ्या गुरू. लोकांनी खाऊन थुंकलेल्या सीताफळाच्या बिया, चिंचोके, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांचे मणी. ड्रिलने भोकं मी पाडायची, ओवायचं त्यांनी.

ताईंची एकच सक्त ताकीद होती, गुंजेला भोक पाडायचं नाही. ती लाल बी अख्खी पोटात गेली तर बहुधा तशीच बाहेर पडते. कवच फुटलं की आतलं विष मोकळं होतं.

"तिले टोचलं का झालं जहर, गुरुजी."

"सोनार सोनं तोलते तिनं, ताई. जहर काऊन असंन?"

"सोनार तोलते. चावत नाई."

आर्वीला दिलेल्या माझ्या पुतणीला माळेत लाल रंग हवा होता. मी पाच गुंजा दोन दिवस भिजत घातल्या, ड्रिलच्या बारीक पात्याने भोकं पाडली आणि माळ स्वतःच ओवली. ताईंना दाखवली नाही.

काही महिन्यांनी पुतणीचा फोन आला. "काका, पोरीनं माया गळ्यातली माळ तोडली. चार लाल सापडल्या, पाचवी नाई. गिळली का, समजून नाई राह्यलं."

मी म्हटलं, "आत्ताच दवाखान्यात ने. डॉक्टरला सांग, गुंज आहे, भोक पाडलेली."

"भोक कोणं पाडलं?"

"ताईंनी."

घाबरून तोंडून निघून गेलं, असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. उत्तर देण्याआधी मी थांबलो होतो.

पोर दीड वर्षाची. डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं. तीन दिवस मी फोन उशाशी, खिशात, मोरीतसुद्धा घेऊन फिरलो. वाजला की उचलवत नव्हता, नाही वाजला की श्वास पुरत नव्हता. आर्वीची बस दारावरून जायची. मी चढलो नाही. ताई दोन्ही वेळा भाकरी आणून देत आणि विचारत, "लेकरू कसं हाय?" त्यांच्याकडे न बघता मी सांगायचो.

चौथ्या दिवशी पोर हसतखेळत घरी आली. पाचवी गुंज कुठेच सापडली नाही.

माझा तो एक शब्द मात्र आर्वीहून फिरून आमच्या गल्लीत आला. बायांनी ताईंच्या माळा घेणं सोडलं. त्यांच्या अंगणातून पोरं ओढून नेली. मी हे सगळं ओसरीवरून पाहिलं. ताईंनी ओवणंच बंद केलं.

ती पोर आता शाळेत जाते. इतकी वर्षं गेल्यावर परवा मी ताईंकडे गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. मी सांगून टाकलं.

त्यांनी मान वर केली नाही. "मले तवाच समजलं. माया घरी डिरील कुठं होतं?"

"मग बोलल्या काऊन नाई?"

"तुमी बोलान म्हून वाट पाह्यली." एक खडा उचलून त्यांनी बाजूला टाकला. "मले सांगून काय होते, गुरुजी? आर्वीले सांगा. अन् फोनवर नोका सांगू."

सकाळच्या गाडीने निघतो आहे. पुतणी समोर आल्यावर जीभ पुन्हा खोट्याकडे वळेल याची मला भीती वाटते. तसं झालं तर निदान हा कागद तिच्या हातात देता येईल. गुंजांना भोकं मी पाडली. ताईंनी मला नको म्हटलं होतं.