शीर आणि पातेलं

रक्त घ्यायला सकाळी लॅबमधून घरी आलेल्या मुलीला माझ्या आईची शीर सापडेना. दोनदा सुई टोचून झाली, नळी कोरडीच. "काकू, तुमची व्हेन सरकतेय हो," ती रडवेली होऊन म्हणाली.

धीर द्यायचा सोडून मी शब्दांत अडकलो. इंग्रजीत रक्तवाहिनीला व्हेसल म्हणतात, भांड्यालाही व्हेसलच आणि जहाजालाही. पोटात घेऊन सांभाळणारं ते सगळं व्हेसल. व्हेन ही रक्तवाहिन्यांतलीच एक, अंगभर फिरून थकलेलं रक्त हृदयाकडे परत नेणारी. पण पानाची शीरही व्हेन, संगमरवरातली रेघही, खडकात दडलेला सोन्याचा पट्टाही. हे सगळं एकसारखं आहे, असं पहिल्यांदा कुणाला वाटलं असेल?

"थांब गं," आई तिला म्हणाली. "हात रिकामे बसले की शिरा लपतात माझ्या. भांडी घासताना बघ, कशा टरारून फुगतात." आई उठली. भाताच्या पातेल्यात तिने गरम पाणी ओतलं, हात बुडवला आणि सवयीने बोटांनी पातेल्याचा तळ चोळू लागली.

थोड्या वेळाने तिच्या हाताच्या मागच्या बाजूला एक निळी रेघ ठळक वर आली. या वेळी सुई बरोबर लागली, नळी भरली. मुलगी हसली.

त्या पातेल्यातला भात मी जन्मभर जेवलो. ते घासणाऱ्या हाताला शिरा आहेत, हे मात्र आज पाहिलं.