दही-साखर

जीपमदी बसता बसता शेजारच्या काकूंनी पोराला दही-साखर चाटवली अन् मी त्यांचा हात धरला. त्याची जन्मापासून चिकटलेली बोटं आज पुण्याला सोडवायची व्हती, अन् डॉक्टरांनी बजावलेलं, उपाशीच आणा.

"शुभ कामाला उपाशी धाडत्यात व्हय गं, येडे?" काकू म्हणाल्या.

काकू बोलायला लई फटकळ. पण बाकीच्या बाया त्या हातावर दुपटं टाकायच्या, तर ह्या दुपटं काढून मुका घ्यायच्या. "काय म्हणतंय माझं बदक?"

आता डॉक्टरांना सांगावं तर आजची तारीख जाणार, अन् आपल्यामुळं गेली म्हणून काकू त्या हाताला परत शिवायच्या पण न्हाईत. न सांगावं तर भूल देताना पोराच्या जिवाला धोका. अन् पोरगं त्यांच्याच मांडीवर, व्हट चाटत हसतंय.

तुमी काय केलं असतं?